घरातील बिनतारी जाळे आणि फाइलींची देवाणघेवाण : बिघाडांच्या मुळाशी असलेला इतिहास

प्रस्तावना :

माणसाने लावलेल्या प्रत्येक साधनाला त्याच्या जन्मकाळाचा इतिहास चिकटलेला असतो. साधन सुरळीत चालत असते तोवर हा इतिहास कोणाच्या लक्षात येत नाही. ते अडले की मात्र तो प्रकट होतो. आज अनेक घरांतून दिसणारे बिनतारी संगणकजाळे हे याचे उत्तम उदाहरण होय. घरात दोन संगणक असतात, दोन्हींवर इंटरनेट व्यवस्थित चालते. परंतु एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर उघडत नाही. हजारो किलोमीटर अंतरावरील माहिती क्षणात येते आणि शेजारच्या खोलीतील माहिती मात्र येत नाही, ही विसंगती अनेकांनी अनुभवली आहे.

प्रस्तुत अभ्यासकाचा या विषयाशी संबंध अशाच एका अनुभवातून आला. सन २०१३ मध्ये एम.फिल.च्या प्रबंधिकेचे लेखन चालू असताना काही प्रकरणे घरातील जुन्या संगणकावर, तर काही नव्या लॅपटॉपवर होती. दोन्ही यंत्रे एकाच राउटरला बिनतारी पद्धतीने जोडलेली होती. लॅपटॉपवर जुन्या संगणकाचे नाव दिसे. पण ते उघडताच वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड विचारला जाई. जुन्या संगणकाला पासवर्ड कधी दिलेलाच नव्हता. रकाना रिकामा ठेवला तरी प्रवेश मिळेना. शेवटी पेन ड्राइव्हवरून ने-आण सुरू झाली आणि एकाच प्रकरणाच्या दोन वेगवेगळ्या प्रती तयार झाल्या. त्यांतील कोणती प्रत अंतिम, हे पडताळण्यात आठवडा गेला. या अडचणीचे कारण पुढे सापडले, तेव्हा ते बिघाडात नसून बारा वर्षांपूर्वी घेतल्या गेलेल्या एका निर्णयात आहे, असे लक्षात आले.

अशा अडचणींना सामान्यतः ‘बिघाड’ म्हटले जाते आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे हा त्यावरील पहिला उपाय असतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, घरगुती जाळ्यातील बहुतेक अडथळे हे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गृहीतकांवर उभ्या राहिलेल्या व्यवस्था एकमेकींवर रचल्या गेल्याचा परिणाम आहेत. त्यांचा इतिहास समजला की दुरुस्तीचा क्रमही समजतो.

उद्दिष्टे :

१) बिनतारी संगणकजाळ्याच्या विकासाचे प्रमुख टप्पे पाहणे.
२) फाइलींच्या देवाणघेवाणीची पद्धत कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली, याचा शोध घेणे.
३) घरगुती जाळ्यातील नेहमीच्या अडचणींचा या इतिहासाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन आयईईई ८०२.११ या मानकावर आधारित बिनतारी जाळे आणि विंडोज प्रणालीतील फाइल शेअरिंग यांपुरते मर्यादित आहे.

१. बिनतारी दुवा : लहरींची मुक्त जागा

संगणक बिनतारी पद्धतीने जोडण्याची कल्पना पुष्कळ जुनी आहे. हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्राम्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ हे जाळे कार्यान्वित केले. बेटांवर विखुरलेली केंद्रे रेडिओलहरींद्वारे मध्यवर्ती संगणकाशी जोडणे हा त्याचा हेतू होता. त्याचा नियम साधा होता : ज्याला बोलायचे असेल त्याने बोलावे, दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले तर प्रत्येकाने काही अनियमित काळ थांबून पुन्हा पाठवावे. हीच कल्पना सुधारून झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये ‘इथरनेट’ची मांडणी केली. हवेत जन्मलेली कल्पना अशा रीतीने तारेत आली.

ती पुन्हा हवेत जाण्यासाठी लहरींची जागा उपलब्ध होणे आवश्यक होते. १९४७ च्या अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत काही लहरपट्टे औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी राखून ठेवण्यात आले. मायक्रोवेव्ह ओव्हन ज्या पट्ट्यात चालतो तो २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा याच वर्गातील होय. संदेशवहनासाठी हा गोंगाटाचा, म्हणून कमी किमतीचा समजला जाई. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने अशा पट्ट्यांत विस्तृत-वर्णपट तंत्राने, परवान्याशिवाय संदेशवहन करण्यास मुभा दिली. त्यानंतर १९९० मध्ये ८०२.११ गटाचे काम सुरू झाले आणि व्हिक हेज यांच्या अध्यक्षतेखाली १९९७ मध्ये पहिले मानक संमत झाले. त्याचा वेग सेकंदाला १ ते २ मेगाबिट इतकाच होता. १९९९ मधील ‘बी’ आवृत्तीने तो ११ मेगाबिटपर्यंत नेला. त्याच वर्षी उत्पादकांची संघटना स्थापन होऊन ‘वाय-फाय’ हे नाव रूढ झाले.

भारतात या बदलास काही काळ लागला. १९९५ च्या स्वातंत्र्यदिनी विदेश संचार निगमाने सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट हा किमान वेग ठरविला आणि जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. त्यानंतर टेलिफोनच्या तारेवरून आलेले इंटरनेट घरातल्या घरात बिनतारी पद्धतीने वाटण्याचा मार्ग मोकळा झाला.

या इतिहासाचे परिणाम घरात आजही जाणवतात. मुक्त जागा कोणा एकाची नसते. शेजाऱ्यांची जाळी, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथ उपकरणे ही सर्व त्याच पट्ट्यात असतात. या पट्ट्यातील वाहिन्या एकमेकींवर पसरलेल्या असल्याने १, ६ व ११ या तीनच वाहिन्या परस्परांपासून पुरेशा अलग राहतात. शिवाय तारेतील यंत्रास बोलता बोलता टक्कर ऐकू येते. रेडिओ यंत्रास स्वतःच्या आवाजात दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून बिनतारी जाळ्यात आधी थांबून कानोसा घेणे आणि प्रत्येक संदेशाची पोच मिळवणे बंधनकारक आहे. आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. दोन बिनतारी संगणकांमधील फाइल आधी एका संगणकाकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून दुसऱ्याकडे जाते. दोन्ही एकाच वाहिनीवर असतील तर हवेतील तीच जागा दोनदा वापरली जाते आणि वेग जवळपास निम्मा होतो. मोठ्या फाइली पाठविताना एक संगणक तारेने राउटरला जोडला की हा दुहेरी भार टळतो.

२. फाइलींची देवाणघेवाण : कार्यालयीन विश्वासाची निर्मिती

बिनतारी दुवा घरासाठी उपयुक्त ठरला. परंतु त्यावरून धावणारी फाइल-वाटपाची पद्धत मूळची कार्यालयातील आहे. आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३-८४ च्या सुमारास ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’ म्हणजेच एसएमबी या पद्धतीचा पाया घातला. संगणकावरील कार्यक्रमाने स्वतःच्या डिस्कवरील फाइल मागावी तशीच दुसऱ्या संगणकावरील फाइल मागता यावी, ही त्यामागील कल्पना होती. सोबत सायटेक या कंपनीने आयबीएमसाठी तयार केलेली ‘नेटबायॉस’ ही नामव्यवस्था होती. तिच्यात नावांची कोणतीही मध्यवर्ती नोंदवही नव्हती. प्रत्येक यंत्र जाळ्यात मोठ्याने आपले नाव पुकारी आणि कोणी हरकत घेतली नाही तर ते नाव त्याचे होई. गावच्या पंगतीत ज्याने त्याने आपली ओळख स्वतःच सांगावी, असाच हा प्रकार होता. एकाच मजल्यावरील, एकाच संस्थेतील, एकमेकांस ओळखणाऱ्या माणसांसाठी ही व्यवस्था पुरेशी होती.

१९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’ बाजारात आणून ही सोय लहान कार्यालयांपर्यंत पोहोचविली. जाळ्यातील संगणकांची यादी ठेवण्यासाठी यंत्रांमध्ये चक्क ‘निवडणूक’ होई आणि निवडून आलेले यंत्र यादी सांभाळी. प्रत्येक संगणक साधारण बारा मिनिटांनी आपली हजेरी लावी आणि तीन हजेऱ्या चुकल्याशिवाय त्याचे नाव यादीतून काढले जात नसे. परिणामी बंद केलेला संगणक अर्ध्या तासाहून अधिक काळ यादीत दिसत राही, तर नुकताच चालू केलेला काही वेळ दिसतच नसे. ‘संगणक दिसतो पण उघडत नाही’ या तक्रारीचा एक उगम येथे आहे.

याच सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांनी जाळ्यातील संदेशांचे निरीक्षण करून या पद्धतीची मुक्त आवृत्ती लिहिली. तीच पुढे ‘सांबा’ या नावाने प्रसिद्ध झाली. एस, एम, बी ही अक्षरे असलेला शब्द शब्दसंग्रहात शोधताना हे नाव सापडले. पुढील काळात घरोघरी आलेल्या जाळ्यावरील साठवणपेट्या आणि यूएसबी डिस्क जोडता येणारे राउटर यांत बहुधा सांबाच काम करीत असे. या उपकरणांतील प्रणाली मात्र क्वचितच अद्ययावत होई. या बाबीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

३. पत्त्यांची टंचाई आणि घराचे कुंपण

इंटरनेटवरील पत्ते अपुरे पडणार, हे १९९० च्या दशकाच्या आरंभी स्पष्ट झाले होते. त्यावर दोन उपाय निघाले. १९९४ मध्ये अनेक यंत्रांनी एकच बाह्य पत्ता वापरण्याची पद्धत मांडली गेली आणि १९९६ मध्ये खाजगी वापरासाठी काही पत्ते निश्चित झाले. घरातील बहुतेक राउटरवर दिसणारा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता त्यांपैकीच एक होय. हे पत्ते राउटर आपोआप वाटून देतो. त्याने पत्ता दिला नाही तर विंडोजमधील संगणक स्वतःहून १६९.२५४ ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता धारण करतो. हा पत्ता दिसला तर दोष फाइल शेअरिंगमध्ये न शोधता आधी राउटरशी असलेल्या जोडणीत शोधावा, एवढे यातून निश्चित होते.

या टंचाईतून निर्माण झालेली दुसरी अडचण अधिक फसवी आहे. सेवा पुरवठादाराने दिलेल्या मोडेममध्येच राउटर असतो. त्यामागे घरमालक स्वतःचा दुसरा बिनतारी राउटर लावतो. मग एक संगणक पहिल्याला आणि दुसरा दुसऱ्याला जोडला जातो. इंटरनेट दोन्हींवर चालते. पण एकाचा पत्ता १९२.१६८.१ च्या घरात, तर दुसऱ्याचा १९२.१६८.० च्या घरात असतो. नेटबायॉसची हाक एका मजल्यापुरतीच असल्याने ती राउटरची भिंत ओलांडत नाही. दोन्ही संगणकांच्या पत्त्यांचे पहिले तीन भाग ताडून पाहिले तर ही अडचण मिनिटभरात कळते. दुसऱ्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम बंद करून, त्याला मोडेमची तार इंटरनेटच्या छिद्राऐवजी सामान्य छिद्रात जोडली की तो केवळ बिनतारी केंद्र म्हणून काम करतो आणि घर पुन्हा एक होते.

४. विश्वासाचा अंत : २००१ ते २००९

कार्यालयीन विश्वासावर उभी असलेली ही पद्धत घरात आली, तेव्हा घराच्या भिंती लहरींना अडवत नव्हत्या. १९९७ च्या मानकात संरक्षणासाठी ‘वेप’ ही पद्धत होती. परंतु तत्कालीन अमेरिकी निर्यातनिर्बंधांमुळे तिची मूळ किल्ली अवघ्या ४० बिटांची होती. तिच्या रचनेतच दोष असल्याचे २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन व शमीर यांनी दाखवून दिले. त्यानंतर २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ आणि २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ या पद्धती आल्या. संक्रमणकाळात जुना संगणक फक्त वेप जाणणारा आणि नवा राउटर डब्ल्यूपीए-२ वर, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नसे, याचे हे एक कारण होते.

संगणकाच्या बाजूसही असेच घडले. २००१ मधील विंडोज एक्सपीपासून पासवर्ड नसलेल्या खात्यास केवळ समोर बसूनच वापरता येईल, जाळ्यावरून नाही, असा नियम मूळ मांडणीतच आला. प्रस्तावनेत सांगितलेल्या अनुभवाचे उत्तर हेच होय. जुन्या संगणकाने अडवले होते ते दोषामुळे नव्हे, तर पासवर्ड नसलेले घर बाहेरच्यास उघडू नये या नियमामुळे. खात्यास पासवर्ड देताच दोन मिनिटांत फोल्डर उघडले असते. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ व मे २००४ मध्ये ‘सॅसर’ हे विषाणू जाळ्यातून स्वतःहून पसरले. सॅसर ज्या ४४५ क्रमांकाच्या दारातून शिरे, तेच दार फाइल शेअरिंगचेही आहे. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणा-संचाने फायरवॉल आपोआप चालू केली. कालपर्यंत चालणारी देवाणघेवाण एका सुधारणेनंतर बंद पडली, असा अनुभव अनेकांना आला तो यामुळे. २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी आलेल्या ‘व्हिस्टा’पासून जाळे घरचे की सार्वजनिक, हा प्रश्न वापरकर्त्यास विचारला जाऊ लागला. सार्वजनिक असे उत्तर दिल्यास संगणक स्वतःला लपवितो.

महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाचे गांभीर्य २००८ मध्ये समोर आले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे पाठविण्यात आलेला ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका निवासी घराच्या असुरक्षित बिनतारी जोडणीवरून गेल्याचे तपासात निष्पन्न झाले. घरातील रहिवाशांना त्याची कल्पनाही नव्हती. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने बिनतारी जोडण्या सुरक्षित ठेवण्याविषयी सेवा पुरवठादारांना निर्देश दिले. घरातील पासवर्ड ही तोवर सोयीची बाब होती. आता ती सार्वजनिक जबाबदारीची बाब ठरली.

५. सोय आणि सुरक्षा यांचा नवा तोल

२००९ मध्ये विंडोज ७ सोबत ‘होमग्रुप’ ही सोय आली. घरातील संगणकांनी एकच आपोआप तयार झालेला पासवर्ड वापरून एकत्र यावे, असा तिचा हेतू होता. २०१८ मध्ये विंडोज १० मधून ती काढून टाकण्यात आली. ज्यांची घरे तिच्यावर अवलंबून होती, त्यांना जुन्या पद्धतीकडे परतावे लागले.

त्यापूर्वी १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर हाहाकार माजविला. ब्रिटनमधील सार्वजनिक आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे कामकाज त्यामुळे कोलमडले. त्याचा प्रवेशमार्ग एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील एक दोष हा होता. १९८० च्या दशकातील कार्यालयीन विश्वासाची ही उशिरा चुकवावी लागलेली किंमत होय. ऑक्टोबर २०१७ नंतर नव्याने बसविलेल्या विंडोज १० मधून ही पहिली आवृत्ती वगळण्यात आली. परिणामी जुने राउटर व साठवणपेट्या, ज्यांतील सांबा अद्ययावत नव्हता, त्या एकाएकी ‘नाहीशा’ झाल्या. संगणकांची जुनी यादीही त्याच आवृत्तीवर आधारलेली असल्याने ‘नेटवर्क’ या ठिकाणी काहीच दिसेनासे झाले. अशा वेळी पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन संगणकाचे नाव किंवा पत्ता थेट लिहिला तर फोल्डर अनेकदा उघडते. यादीत दिसण्यासाठी ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू असावी लागते. २०२४ मधील विंडोज ११ च्या २४एच२ या सुधारणेने प्रो व त्यावरील आवृत्त्यांत प्रत्येक संदेशावर सही असणे सक्तीचे केले, तेव्हा जुन्या उपकरणांची गाठ पुन्हा एकदा सुटली.

६. दुरुस्तीचा ऐतिहासिक क्रम

वरील विवेचनावरून दुरुस्तीचा एक क्रम सुचतो. प्रथम दुवा तपासावा : दोन्ही संगणक एकाच राउटरच्या, एकाच नावाच्या जाळ्यावर आहेत काय, आणि ते पाहुण्यांसाठीचे जाळे तर नाही ना? पाहुण्यांच्या जाळ्यातील यंत्रे परस्परांपासून बहुधा अलग ठेवलेली असतात. दुसऱ्या पायरीवर पत्ते ताडून पाहावेत. तिसऱ्या पायरीवर ‘पिंग’ने हाक मारून पाहावी, मात्र फायरवॉलही उत्तर अडवू शकते, हे ध्यानात ठेवावे. चौथ्या पायरीवर नावाऐवजी पत्त्याने फोल्डर उघडून पाहावे. पत्त्याने उघडले आणि नावाने नाही, तर दोष नामव्यवस्थेत आहे. पाचव्या पायरीवर परवानगी पाहावी. येथे दोन कुलपे असतात : एक शेअरचे आणि दुसरे १९९३ मधील विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस फाइलव्यवस्थेचे. दोन्हींपैकी जे अधिक कडक असेल तेच लागू होते. शेवटी आवृत्ती तपासावी. एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करून अडचण सुटते खरी. परंतु तसे करणे म्हणजे २०१७ मध्ये मोठी किंमत देऊन बंद केलेले दार पुन्हा उघडणे होय. उपकरणाची प्रणाली अद्ययावत करणे किंवा उपकरण बदलणे हाच योग्य मार्ग.

निष्कर्ष :

१) बिनतारी जाळे सार्वजनिक लहरींवर, फाइल शेअरिंग कार्यालयीन विश्वासावर आणि खाजगी पत्ते टंचाईवर आधारित आहेत. घरात ही तिन्ही प्रथमच एकत्र आली. त्यांपैकी एकाचीही रचना घर डोळ्यांसमोर ठेवून झालेली नव्हती.
२) २००१ नंतरच्या सुधारणांचा रोख मुख्यतः विश्वास कमी करण्याकडे आहे. वापरकर्त्यास ‘बिघाड’ वाटणाऱ्या अनेक गोष्टी प्रत्यक्षात संरक्षणाचे नियम आहेत.
३) त्यामुळे फायरवॉल बंद करणे, पासवर्ड काढणे, जुनी आवृत्ती चालू करणे यांसारखे प्रचलित उपाय अडथळा दूर करताना त्यामागील कारणही दूर झाले असे गृहीत धरतात. हे गृहीतक चुकीचे आहे.

समारोप :

आपल्याकडे वाड्याच्या दिंडी दरवाजाला दिवसा कडी नसे. रात्री मात्र अडसर लागे. कोणासाठी केव्हा उघडायचे, हे घरातील माणसे जाणत. संगणकाला ही जाण नाही. ती त्याला नियमांच्या रूपाने द्यावी लागते. घरातील एका फोल्डरला योग्य नाव, योग्य खाते आणि योग्य पासवर्ड देणे हे वरकरणी क्षुल्लक काम आहे. परंतु कौटुंबिक छायाचित्रे, हिशेब, मुलांचा अभ्यास आणि वर्षानुवर्षांचे लेखन आज याच फोल्डरांत साठलेले आहे. ते घरातल्यांना मिळावे आणि बाहेरच्यांना मिळू नये, एवढ्यासाठी या पन्नास वर्षांच्या इतिहासाची जुजबी ओळख प्रत्येक घराला असणे आवश्यक आहे.